गौरव्वाचं मंगळवारचं टपाल

आमच्या संगणकाचं म्हणणं असं होतं, की दुधनीच्या अलीकडच्या एका गावातली सगळी माणसं एकाच लिंबाच्या झाडाखाली राहतात. टपाल हातात दिलं की पोस्टमनच्या मोबाइलवर नोंद होते आणि ती जागा नकाशावर ठिपका होऊन उमटते. इतर गावांचे ठिपके घरोघर विखुरलेले असतात. या गावाचे सगळे एकावर एक होते, आणि सगळे मंगळवारचे.

मी टपाल खात्यात निरीक्षक आहे. सोलापूरहून निघताना काय काय तपासायचं ते लिहून घेतलं, पण मनात निकाल जवळजवळ लागलेला होता. अशा ठिपक्यांचा नेहमीचा अर्थ एकच: टपाल वाटलंच नाही, बसल्या जागी नोंदी केल्या. तसं निघालं तर नोकरी जाते. त्यातून छोट्या शाखा एकमेकींत मिसळायचा विचार वर चालू होता. इथली टपाल वाटणारी बाई नोकरीतून गेली, तर तिच्या जागी कुणी येणार नव्हतं. शाखाच शेजारच्या गावाला जोडली जाणार होती.

मुद्दाम मंगळवारीच पोचले. गावचा बाजार भरलेला. लिंबाखाली, मिरच्यांचा ढीग आणि बांगड्यांची हातगाडी यांच्या मधोमध, पोत्यावर एक पन्नाशीची बाई बसलेली. कपाळाला विभूती, मांडीवर टपालाची पिशवी, हातात खात्याचा मोबाइल.

"ए शिवप्पा, कांदा मग घे! पोरीचं परीक्षेचं पत्र आलंय, आदी सही कर!"

ही गौरव्वा. गावची शाखा डाकपाल तीच आणि टपाल वाटणारीही तीच.

मी ओळख सांगितली. ती गडबडीनं उठली, अर्धं पोतं झटकून मला बसायला दिलं. "बसा की म्याडम. एवढं वाटते. बाजार उटला की माणसं गावत न्हाईत."

"गौरव्वा, टपाल पत्त्यावर द्यायचं असतं."

"व्हय की. पन पत्त्यावर हाय कोन? समदी रानात. दाराला कुलूप. माणूस जितं हाय तितं टपाल न्यायचं. घर काय सही करतंय व्हय?"

हे तिचं ठाम मत होतं आणि त्यावर ती अनेक वर्षं नोकरी करत होती. गाव वस्त्यावस्त्यांनी रानभर पसरलेलं, पण मंगळवारी घरटी एक माणूस बाजाराला येणारच. नातेवाइकांची पत्रं जवळजवळ थांबली होती. आता पिशवीत आधार कार्डं, बँकेची कार्डं, कचेऱ्यांचे कागद आणि पार्सलं. पार्सलांबाबत तिनं स्वतःचा एक नियमही केला होता.

"एकीनं मोबाइलवरनं साडी मागिवली. हितंच फोडली. समद्या बायकांनी हात लावून बघितलं अन् तितंच नापास केली. लई रडली बिचारी. तवापास्नं साडी असली की पदराखाली झाकून देते."

पुढचे दोन दिवस मी वस्त्या फिरले. माणसं विचारायच्या आधीच सांगत, गौरव्वानं दिलं, हातात दिलं. खोटी नोंद एकही सापडली नाही. मला बरं वाटू लागलं होतं, तेवढ्यात ओढ्यापलीकडच्या शेवटच्या वस्तीवर मल्लप्पा भेटले. पाय अधू झाल्यापासून ते बाजाराला येत नसत. सोलापूरच्या दवाखान्यातून तपासणीची तारीख कळवणारं पत्र गौरव्वानं बाजारात त्यांच्या शेजाऱ्याकडे दिलं होतं. शेजाऱ्यानं ते घरी नेऊन ठेवलं आणि विसरून गेला. तारीख उलटून गेली आणि नवी मिळायला मल्लप्पांना फार थांबावं लागलं.

गौरव्वाला हे सांगितलं. मला फाट्यावर सोडायला आली, तेव्हा म्हणाली, "ह्ये माजंच चुकलं. म्हाताऱ्याकडं मीच जायाला पायजे हुतं." मग थोडं चालून, "म्याडम, खरं सांगा. पत्रं संपली. कंपनीची पोरं गाडीवर पार्सल आनत्यात. आमचं काय ठरलंय वर?"

"वरचं मला माहीत नाही. पण ती पोरं कुठपर्यंत येतात?"

"दुधनीपतूर. तितनं फोन करत्यात, या अन् घेऊन जावा."

"का?"

"रानात कोन शिरतंय? परवडत न्हाई त्यास्नी."

"मग तुम्हीपण झाडाखाली बसून माणसांना बोलवायला लागलात, तर त्यांच्यात आणि तुमच्यात फरक काय राहिला? शेवटच्या वस्तीपर्यंत जाणारं कुणी हवंय म्हणून तर तुम्ही आहात."

एसटी आली तेव्हा ती खिडकीशी येऊन म्हणाली, "सायकल काढते. चेन गंजली आसल, पन काढते."

अहवालात मी दोन्ही लिहिलं: पद्धत चुकीची, नोंदी खऱ्या. ताकीद देऊन नोकरी ठेवावी, अशी शिफारस केली. निर्णय माझ्या हातात नव्हता. मधल्या काळात तिचे फोन यायचे.

"म्याडम, काय आलं का?"

"हुकूम निघाला की रजिस्टर टपालानं तुमच्याच पिशवीत येईल."

"यव्वा! मंजी माजी वाईट बातमी मीच आनायची व्हय?"

हुकूम पोचायचा त्या दिवशी मी शाखेच्या तपासणीचं काम काढून तिथं गेले. शाखा म्हणजे तिच्याच घराची पुढची खोली. शाखेला जागा डाकपालानंच द्यायची, असा खात्याचा नियमच आहे. तिनं पिशवी उघडली, लखोट्यावर स्वतःचं नाव पाहिलं आणि हात थांबला. आतला मजकूर मला माहीत होता. मी सांगायला तोंड उघडलं, तर तिनं हातानं थांबवलं.

"न्हाई म्याडम. आदी पत्त्यावर."

तिनं लखोटा पिशवीत घातला, चपला घातल्या, खोलीला कडी लावली आणि घराला वळसा घालून मागच्या दाराशी गेली. मी तिच्या मागोमाग. "टपाल!" तिनं हाक दिली. तिचा नवरा ओले हात पुसत बाहेर आला.

"तूच हायस की."

"बाजूला व्हा. सही मी करायची हाय."

मोबाइलवर नोंद झाली, सही झाली, मग लखोटा फुटला. ओळीखाली बोट धरून तिनं वाचलं, परत वाचलं.

"सक्त ताकीद मंजी?"

"म्हणजे रागावलेत. पण तुम्हाला ठेवलंय."

"अन् शाखा?"

"तीपण राहतेय."

ती तिथंच पायरीवर बसली. नवऱ्यानं आतून पाण्याचा तांब्या आणला. अर्धं पाणी ती प्यायली, अर्धं तोंडावर मारलं. "ऊटक्क बर्री म्याडम, जेवायला चला," म्हणत मला हाताला धरून आत नेलं. ताटात भाकरी आणि शेंगाचटणी आली. तिनं मोठा घास मोडला, तोंडात घातला आणि भरल्या तोंडानंच म्हणाली,

"रागवू द्या की."