लासियेमचा गुडघा

मेरबाबू डोंगराच्या उतारावरच्या त्या वस्तीत कार्य कुणाकडचंही असो, भाताची चूल लासियेमनेच पेटवायची. सुंता, मयत, नाहीतर शेजारच्या युस्तिनाकडचा नाताळ. वस्ती मुसलमानांची, युस्तिनासारखी ख्रिस्ती घरं मोजकीच. पण सगळ्या वस्तीला जेवता यावं म्हणून युस्तिनाच्या कोंबड्या लासियेमचा नवरा अल्लाचं नाव घेऊन कापून द्यायचा.

त्या वर्षी बायकांना कुराण शिकवायला शहरातून नवी बाई येऊ लागली. ती म्हणाली, दुसऱ्यांच्या सणाची चूल पेटवणं म्हणजे आपलं इमान घालवणं. लासियेम कधी नमाज न चुकवणारी. तिने ते मनावर घेतलं. नाताळाला युस्तिना बोलवायला आली तेव्हा ती पटकन म्हणून गेली, "गुडघा धरलाय गं. उठवत नाही." नवराही कोंबड्या न कापताच शेतावर निघून गेला.

युस्तिना घरी जाऊन तेल घेऊन आली.

"कर पाय लांब, ताई."

"राहू दे, तुझ्याकडे पाहुणे येतील."

"येऊ देत की. आधी पाय."

ती चोळत बसली. तिकडे भात कच्चा राहिला, कोंबड्या खुराड्यातच राहिल्या, आणि शेजारी नुसता चहा पिऊन परतले.

पुढे लासियेमचं नमाजात मन लागेना. कपाळ टेकलं की त्या तेलाचा वास आल्यासारखा वाटायचा. अल्लाला काय सांगावं, तेही सुचेना.

मग तिच्याच नातवाची सुंता निघाली. युस्तिना झुंजुमुंजू होताच हजर, हातात बुटकं स्टूल.

"यावर बस. जाळ मी बघते."

"अगं बाई, राणीसाहेबांना सिंहासन!" तांदूळ धुणाऱ्या बायका हसल्या.

लासियेम बसली. मग तिला बसवेना. बायका पाणी आणायला गेल्या, तशी ती खालच्या आवाजात म्हणाली, "गुडघा दुखत नव्हता माझा."

"ठाऊक आहे. त्याच संध्याकाळी गवताचा भारा घेऊन चढ चढताना दिसलीस."

"मग आज कशाला आलीस?"

"तुझ्या नातवाचं कार्य आहे. न येऊन कसं चालेल?" युस्तिनाने लाकूड आत सारलं. मग म्हणाली, "खरं सांगितलं असतंस तर मी भात बाहेरून तरी मागवला असता गं. माणसं उपाशी गेली माझ्या दारातून."

लासियेमला वर बघवेना. पाण्याच्या घागरी घेऊन बायका परत आल्या, तरी ती धुराचं निमित्त करून डोळे पुसत राहिली.