गच्चीवर तपासलेला हेडलॅम्प

रात्री सायकल चालवणाऱ्यांसाठी स्वस्तात मस्त हेडलॅम्प कोणता, यावर मी मागे याच ब्लॉगवर एक लेख लिहिला होता. डोक्याला पट्ट्याने बांधायचा, चार्जिंगचा, चारशे रुपयांच्या आतला तो एलईडी दिवा मी स्वतः तपासला होता. कुठे, तर यवतमाळला आमच्या गच्चीवर. उजेडाचा गोल दोन गल्ल्या ओलांडून पाण्याच्या टाकीवर पडला तसा मी खूश झालो आणि ‘डोळे मिटून घ्या’ असं लिहून टाकलं. माझ्या दुसऱ्या कुठल्याच लेखाला इतके वाचक मिळाले नाहीत.

त्यातलेच एक वाचक म्हणजे आर्णीकडच्या एका गावातले प्रल्हादभाऊ. त्यांनी आग्रहाने बोलावलं होतं, म्हणून डिसेंबरात यवतमाळ, आर्णी, दिग्रस असा दोन दिवसांचा बेत केला. परतीला सायकल एसटीच्या टपावर टाकायची होती. मधल्या काळात मी स्वतःसाठी दुसरा दिवा घेतला होता, हॅंडलला लागणारा, रुंद आणि खाली पसरणाऱ्या उजेडाचा. जुना लेख बदलायचा राहूनच गेला होता.

पहिला दिवस मजेत गेला. यवतमाळ सोडल्यावर सागाचं जंगल लागतं, चढउतार आहेत पण दम काढणारे नाहीत. रस्त्याला खड्डे आहेत, पंक्चरचं सामान जवळ ठेवा. वाटेत टपरीवर गरम आलुबोंडा आणि चहा वीस रुपयांत झाला. दोन्ही बाजूंना कापसाची वेचणी चालू होती आणि टपरीवर जो तो भावाचंच बोलत होता. कापूस आता विकावा की भाव चढेपर्यंत ठेवावा, यावर चार माणसांची पाच मतं होती.

प्रल्हादभाऊंनी ठेवला होता. त्यांच्या घरातली पुढची खोली आढ्यापर्यंत कापसाने भरलेली, त्यामुळे अख्खं घर मागच्या खोलीत. कापसामुळे अंगाला खाज सुटते, म्हणून मला बाहेर ओसरीत स्वच्छ अंथरूण घातलं होतं. जेवायला भाकरी, तुरीच्या ओल्या दाण्यांची भाजी आणि ठेचा. वाढायला त्यांची मुलगी मयुरी होती. बारावी झालेली, पोलीस भरतीची तयारी करणारी. रोज पहाटे सायकलने आर्णीच्या मैदानावर जायला म्हणून तर तुमचा लाइट घेतला सर, असं प्रल्हादभाऊ कौतुकाने म्हणाले.

मग काय, मला चेव आला. धावण्यात मुली पुढे असतात पण गोळाफेकीत मार खातात, सरावात खंड पडू देऊ नको, आळस केला की संपलं, असं मी तिला बरंच ऐकवलं. ती ‘हो सर’ म्हणाली आणि डाव्या हाताने भाकरी वाढून आत गेली. वहिनी काहीतरी बोलणार होत्या, तेवढ्यात प्रल्हादभाऊंनी त्यांच्याकडे बघून ठेचा मागितला. मी आपला जेवत राहिलो.

दुसऱ्या दिवशी पहाटे अंधारातच निघालो. पाहुण्याला शिवेपर्यंत पोचवायची रीत, म्हणून प्रल्हादभाऊ सायकल घेऊन सोबत आले. डोक्याला मी सुचवलेला दिवा. त्याचा लहानसा झगझगीत गोल फार दूर पडत होता आणि त्यांची नजर त्या गोलावरच होती. वळणावर तो गोल शेतात गेला. त्याच क्षणी माझ्या दिव्यात डाव्या कडेला कापसाने भरलेली बैलबंडी दिसली. पहाटे जिनिंग कारखान्याच्या रांगेत लागायला अशा बैलबंड्या रात्रीच निघतात. मागे दिवा नाही, आणि कापूस चाकांच्या बाहेर हातभर फुगलेला. मी ओरडलो. प्रल्हादभाऊंनी ब्रेक दाबला आणि पाय टेकले.

बंडी पुढे गेली. ते धापा टाकत माझ्या हॅंडलकडे पाहत होते.

“तुमचा लाइट दुसरा हाये काय, सर?”

टोमणा नव्हता, सहज विचारलं होतं. मी ‘हो’ म्हणालो.

“अशाच बंडीले मयुरी धडकली ना मागच्या महिन्यात,” ते म्हणाले. “उजवं कोपर गेलं. आता हात सरळ होत नाई. गोळा राह्यला, भरतीबी राह्यली.”

“मग रात्री सांगितलं का नाही? मी तिला काय काय बोललो!”

“पाहुण्याच्या पानावर असं सांगते काय कोणी?” एवढं म्हणून त्यांनी पुढचा रस्ता कसा आहे ते समजावलं आणि ते उजाडायची वाट न पाहता त्याच दिव्याने परतायला निघाले. मी माझा दिवा काढून त्यांच्या हॅंडलला बांधला. ते नको नको म्हणत होते. देण्यातही मोठेपणा नव्हता, उशीर झालेला होता. उजाडेपर्यंत मी तिथेच मैलाच्या दगडावर बसून राहिलो. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

दिग्रसबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. बाजारपेठेत चहा घेतला आणि मिळेल त्या एसटीने घरी आलो.

तेव्हा नवीन लेख हाच. उजेड किती लांब जातो हे पाहून दिवा घेऊ नका. रुंद पसरणारा घ्या, हॅंडलला जरा खाली वाकवून लावा, मागे लाल दिवा लावाच. घेण्याआधी खऱ्या अंधाऱ्या रस्त्यावर डाव्या कडेला कुणाला तरी उभं करा आणि तो दिसतो का पाहा. असा दिवा शंभर-दोनशे रुपयांनी महाग पडतो. माझा जुना लेख चूक होता, आणि त्या चुकीने एका मुलीचा हात गेला.

हे छापू का, म्हणून काल प्रल्हादभाऊंना फोन केला. सगळं वाचून दाखवलं. मला वाटलं, आता तरी रागावतील, आणि रागावले असते तर बरं झालं असतं.

“लिहा सर,” ते म्हणाले. “फक्त आमच्या गावाचं नाव नका टाकू. लोक म्हणतीन, घरी आलेल्या पाहुण्याले बोल लावला.”