दोन कुंड्या

विज्ञानाच्या बाई वर्गात कायम बजावायच्या, "ऐकलं म्हणून मानू नका, करून बघा." घरी त्यांचे यजमान गच्चीतल्या झाडांशी तासन् तास गप्पा मारायचे. "बोललं की झाडं जोमानं वाढतात," ते म्हणायचे. बाई हसण्यावारी न्यायच्या.

यजमान गेले, तेव्हा कुठे बाईंनी प्रयोग मांडला. दोन कुंड्या, सारखीच रोपं, सारखंच ऊन, मोजून पाणी. एकीशी रोज बोलायचं, दुसरीपाशी अवाक्षर काढायचं नाही.

थोडे दिवस नेम पाळला. मग एका सकाळी त्या पाणी घालताना गप्प कुंडीपाशी थांबल्या. जवळ बसत त्या म्हणाल्या, "रागावू नकोस गं, मुद्दामच बोलत नव्हते."

प्रयोग फसला, हे त्यांना लगेच कळलं. तरी त्या उठल्या नाहीत. कितीतरी सांगायचं राहिलं होतं.