हेरगिरीचा सिनेमा आणि आमचे सासरे

हेरगिरीचा मारधाडीचा सिनेमा आमच्या सासऱ्यांइतक्या कडक नजरेनं आणि तितक्याच मायेनं पाहणारा माणूस अख्ख्या नगर जिल्ह्यात दुसरा नाही. देव करो आणि नसोच, कारण असला तर त्याच्याही शेजारच्या खुर्चीत मलाच बसावं लागेल. घोडेगावच्या बाजारात चाळीस वर्षं बैलांची दलाली केलेला हा गृहस्थ बाजार आटोपला की दुसऱ्या दिवशी एसटीनं नगरला आमच्या घरी येणार, दारातूनच "चला जावईबापू, नवा हेर आलाय" म्हणणार, आणि मी, हायस्कुलात गणित शिकवणारा, चार लोकांत मान असलेला माणूस, मुकाट्यानं चपला घालणार. अठरा वर्षं हेच चाललंय. नाही म्हणायची माझी आजवर हिंमत झाली नाही.

थेटरात त्यांच्याबरोबर बसणं म्हणजे शिक्षा. पडद्यावर हिरो आला की आधी त्याची चाल बघायची, मग खांदा, मग दात, आणि हे सगळं बाजारात बोलायच्या आवाजात. "मामा, हळू," मी म्हणायचो. "का? त्याला ऐकू जातंय व्हय?" हिरो शत्रूच्या शहरात काळा कोट आणि काळा चष्मा घालून शिरला की हे खवळलेच. "आरं, चोरबी असा येत न्हाई! ह्याच्यावर तर कुत्री भुंकतील!" खलनायकानं हिरोला खुर्चीला बांधलं आणि आपला सगळा बेत सांगायला घेतला की यांचा तोल सुटायचा. "मार की मेल्या! कीर्तन काय लावलंय!" एकदा मागच्या रांगेतल्या एकानं "आजोबा, शांत बसा" म्हणून दटावलं. हे वळून त्याला म्हणाले, "तू गोळ्या मोजल्या का? सहाच्या पिस्तुलातनं एकवीस सुटल्या!" पुढच्या मारामारीला तोच माणूस मोठ्यानं मोजायला लागला, मग त्याची बायको, मग अख्खी रांग. मी खुर्चीत जेवढं खाली सरकता येईल तेवढं सरकलो.

बाहेर चहा घेताना मात्र ते न्यायाला बसत. दोष सांगितले की गुणही सांगायचे, ही त्यांची बाजारातली रीत. बैल मारका असेल तर मारका सांगायचा, पण ओढीला चांगला असेल तर तेही लपवायचं नाही. "डोकं न्हाई ह्या सिनेमाला," ते बशीत फुंकर घालत म्हणत, "पण पळतोय मनापासून. उडी मारायची तर सवता मारतो, दुसऱ्याला पुढं करत न्हाई. आन् देशासाठी मेला तरी गावाला कळणार न्हाई, हे लई मोठं काळीज हाय." असं म्हणून ते डोळे पुसत. कशासाठी, देशासाठी की काळजासाठी, मला कधी कळलं नाही.

गेल्या दिवाळीत त्या डोळ्यांचंच निघालं. त्यांना बैलाचे दात नीट दिसेनात म्हणून मी डॉक्टरांकडे नेलं. काचबिंदू. एक डोळा गेल्यातच जमा होता, दुसऱ्याचा उजेड फार तर सहा महिने, ऑपरेशनची वेळ निघून गेलेली. मी बाहेर येऊन सांगितलं, चष्म्याचा नंबर वाढलाय. घरी बायको ढसाढसा रडली आणि म्हणाली, "आप्पांना कळता कामा नये. बाजार सुटला तर ते जगायचे नाहीत." मी कबूल झालो. चार दिवसांनी तेच मला सिनेमाला घेऊन गेले.

त्या सिनेमात वेष बदललेला हेर एसटी स्टँडवर स्वतःच्या आईला भेटतो. आई ओळखत नाही. तो तिच्या डोळ्यांत बघून सांगतो, मी परगावचा आहे. सगळं थेटर हुंदके देत होतं. सासरे मात्र माझ्याकडे झुकले आणि आयुष्यात पहिल्यांदा थेटरात हळू बोलले.

"इथं चुकला सिनेमा. गुपित धरलेल्या मानसाची नजर खाली जाती. तुमची चार दिवस झालं खालीच हाय."

मी काही बोलायच्या आत त्यांनी खांद्यावरचा पंचा काढून आमच्या दोघांच्या हातांवर टाकला. बैलाची किंमत बाजारात तोंडानं बोलत नाहीत. कापडाखाली एकमेकांची बोटं धरून आकडा सांगतात, म्हणजे बघणाऱ्याला काही कळत नाही. "म्हैनं का वर्सं, तेवढं तोंडानं सांगा," ते म्हणाले.

"महिने," मी म्हणालो. आणि त्यांची पाच बोटं धरली, सोडली, पुन्हा एक धरलं.

पडद्यावर पूल उडाला. पंच्याखाली त्यांचा हात हलला. त्यांनी माझी पाच बोटं धरली, आणि पुन्हा पाच. दहा! चाळीस वर्षांची सवय, पहिला आकडा मान्य करायचाच नाही. आणि मी काय करावं? मी गणिताचा मास्तर, सातावर आलो. ते नवावर आले. आठावर जुळलं. "ठरलं," म्हणून त्यांनी पंचा झटकून खांद्यावर टाकला आणि उरलेला सिनेमा मान ताठ ठेवून पाहिला.

अरे, काय करून बसलो होतो मी! ते दोन महिने कुणाच्या बापाचे होते? रात्र रात्र मला झोप लागेना. ते मात्र बाजाराला जात राहिले, प्रत्येक बैलाला हात लावून, जवळ जाऊन बघत राहिले. उजेड सहाव्या महिन्यातच गेला.

परवा नवा हेर आला. त्यांना हाताला धरून नेलं. पडद्यावर काय चाललंय ते मी कानात सांगत होतो आणि सांगता सांगता मध्येच बोलून गेलो. "मामा, आठ म्हणालो होतो मी. नव्हते हो माझ्याकडे."

"म्हाईत हुतं की," ते म्हणाले. "पर दोन वाढवून दिल्यात म्हनल्यावर सहा तरी मी घाई न करता बघितलं. आनखी ताणलं असतं तर दहाबी दिलं असतं तुमी."

"बारा दिले असते, मामा."

"मग मीच कमी मागितलं," असं म्हणून ते जरासे हसले, आणि पडद्याच्या जरा बाजूला तोंड करून म्हणाले, "सांगा आता, कोण पळतंय?"