अख्खी की अर्धी

माझी बायको कासियाती सुराबाया बंदराच्या मासळीबाजारातली. लग्न होऊन सोलो शहरात आमच्या घरी आली तेव्हा तिच्या हसण्याने शेजारची मांजरं पळायची. आमचं घराणं भारी शिष्ट. हळू चालायचं, हळू बोलायचं, चेहऱ्यावरची रेघ हलू द्यायची नाही. माझी थोरली बहीण म्बाक रेत्ना, म्हणजे रेत्नाताई, तोंडावर म्हणायची, "हार्गोनो, बायको आणलीस की भोंगा?"

उतारवयात कासियाती बदलली. आवाज खाली आला, पावलं लहान झाली, चेहरा शांत. सगळे खूश. "उशिरा का होईना, सोलोचं पाणी लागलं हो हिला," म्बाक रेत्ना म्हणाली. मीही मनातून सुखावलो. पुढे तिला केबायाची, आमच्याकडच्या लांब पोलक्याची, बटणं लावता येईनात, तेव्हा डॉक्टर गाठला. तो म्हणाला, पार्किन्सन. सोलोचं पाणी कसलं नि काय!

गोळीचा प्रकार विचित्र. अर्धी घेतली तर हात स्थिर, पण अंग जड आणि शब्द तोंडातच राहतात. अख्खी घेतली की आवाज फुटतो, हसू येतं, पण हात-खांदे आपोआप वळवळतात.

"इबू, तुम्हाला काय हवं?" डॉक्टरांनी तिला आईसारखं आदराने विचारलं.

"अर्धी बरी," मीच मध्ये बोललो. तिने माझ्याकडे पाहिलं. पटलं की राग आला, काही कळेना.

मग म्बाक रेत्नाच्या लेकीचं, लारासचं लग्न ठरलं. आमच्याकडे आदल्या दिवशी मानाच्या वडीलधाऱ्या बायका नवरीच्या डोक्यावर फुलांचं पाणी घालतात, आशीर्वाद देतात. हा मान कासियातीला कधीच मिळाला नव्हता. या वेळी म्बाक रेत्ना स्वतः बोलवायला आली.

त्या सकाळी मी गोळी मोडायला घेतली, तर कासियातीने माझा हात धरला. ऐकायला तिच्या तोंडाशी कान न्यावा लागला.

"अख्खी."

"अगं, पाणी सांडेल. चारचौघांत शोभा होईल."

"होऊ दे. पोरीला ऐकू गेलं पाहिजे."

मी चिडलो. मान तिचा होता, मग लाज मला का वाटावी? मला तिची काळजी होती की घराण्याची, की ही गप्प बायकोच मला आवडू लागली होती? काही उलगडेना. शेवटी अख्खी दिली.

तिची पाळी आली. करवंटीची पळी हवेत नाचली. थोडं पाणी लारासवर पडलं, उरलेलं म्बाक रेत्नाच्या रेशमी केबायावर. बायका मागे सरकल्या. आणि मग तो बाजारातला आवाज आला, "लारास, सासरी मोठ्यानं हस गं. कुणी गप्प बस म्हणालं, तर आणखी मोठ्यानं हस."

लारास भिजल्या अंगाने खिदळली. म्बाक रेत्ना ओली बाही पिळत राहिली. तिचे डोळेही ओले होते, पण तेही या पाण्यानेच की आणखी कशाने, मला सांगता येत नाही.

दुपारी गोळीचा जोर ओसरला. कासियाती माझ्याशेजारी खुर्चीत निश्चल बसली होती. गावाहून आलेले एक पाहुणे कौतुकाने म्हणाले, "तुमची मंडळी किती शालीन. पण मघाशी आत ओरडत होती ती बाई कोण हो?"

"तीही हीच," मी म्हणालो.

पाहुणे गोंधळले. मी तरी त्यांना काय समजावणार? संध्याकाळची गोळी माझ्या खिशात होती. ती मोडायची की नाही हे मी कासियातीला विचारलं, आणि तिच्या तोंडाशी कान नेला.