शनिवारी लाल होणारी प्लेट

झुंबर घोटीकडच्या वाडीतला. घरी भाताची खाचरं, मामाचा लाऊडस्पीकरचा धंदा. मामाच्या मागं भोंगे वाहता वाहता त्याला जुन्या रेडिओत असायच्या तसल्या काचेच्या व्हॉल्व्हच्या मशीनचं येड लागलं. भोंगेवाले ॲम्प्लिफायरला मशीनच म्हणतात. पुढं आयटीआय करून तो नाशकात अंबडला ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्यात वाइंडर म्हणून चिकटला, साल त्र्याण्णव. काम काय, त तांब्याच्या तारेचे वेढे घ्यायचे. अकराशे वेढे, गाठ, की पुढचं. सातच्या भोंग्याला आत, साडेतीनला बाहेर. बाहेर तरी कसलं, चाळीतली खोली कारखान्याच्या भिंतीला लागून. पत्रा कापायच्या प्रेसचा दणका पार उशापर्यंत यायचा. तीन वर्षांत त्याचा उजवा हात झोपेतसुद्धा गोल फिरायला लागला. बायको, दीपमाला, तो धरून खाली ठेवायची.

शहाण्णव साली एक फट दिसली. पंचवटीतल्या भटजींच्या घरचा मयुरेश एका ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचा. त्याला व्हॉल्व्हचाच आवाज पाहिजे होता. झुंबरनं भंगारातलं जुनं मशीन उकलून, ट्रान्सफॉर्मर सोताच्या हातानं गुंडाळून, गिटारसाठी नवं मशीन बांधलं. मयुरेश खूश झाला. म्हणाला, लग्नसराईत चार महिने दौरा आहे, मशीन सांभाळायला माणूस लागेल, तुम्हीच चला, पुढंही कायम राहा. फक्त मशीन सलग तीन तास वाजलं पाहिजे. झुंबरनं त्याच दिवशी राजीनामा लिहून ट्रंकेत टाकला. तारीख तेवढी घालायची राहिली.

कारखान्याला सुट्टी शनिवारी, म्हणून तपासायचा वार शनिवार ठरला. मयुरेश गिटार घेऊन चाळीत आला. अर्ध्या तासात व्हॉल्व्हच्या काचेतली प्लेट लाल झाली, चुलीत राहिलेल्या उलथन्यासारखी. मशीन बंद करावं लागलं.

व्हॉल्व्हला आवरायला त्याच्या जाळीवर उणे व्होल्टेज द्यावं लागतं. त्याला बायस म्हणतात. बैलाचा कासराच तो. ढिला पडला की व्हॉल्व्ह उधळतं, जादा करंट ओढतं, अन् प्लेट लाल होते. वाडीत वीज नव्हती तेव्हा मामा बायस टॉर्चच्या सेलांवर द्यायचा. झुंबरनं तेच केलं होतं. चोवीस सेल ओळीनं जोडले, छत्तीस व्होल्ट. बायसला करंट लागत नाही, सेल वर्सानुवर्स टिकतात.

प्लेट लाल म्हणजे कासरा ढिला, हे त्याच्या डोक्यात पक्कं. पण मीटर लावावं त छत्तीसच्या छत्तीस. त्यानं व्हॉल्व्ह बदललं, कंडेन्सर बदलला, सोल्डरचे सगळे डाग नव्यानं भरले. रोज कामावरून आल्यावर तीन-तीन तास मशीन लावून समोर बसला, प्लेट काळीच्या काळी. दुसऱ्या शनिवारी मयुरेश आला अन् पहिलं गाणं संपायच्या आत लाल. मयुरेश शांतपणे म्हणाला, "झुंबरभाऊ, पुढचा शनिवार शेवटचा. नाही जमलं तर मी दुसरं काहीतरी बघतो."

तो गेल्यावर झुंबर भिंतीला टेकून बसला. ट्रंक समोरच होती. दीपमाला बल्ब पुसत होती, ती म्हणाली, "मला तुमच्या मशीनचं काय कळत नाय. पण आपला बल्ब बी शनिवारीच पांढराफक पेटतो. दोनदा फुटला तो बी शनिवारीच."

झुंबर उठला अन् मीटरच्या तारा सरळ प्लगात खुपसल्या. दोनशे पंचावन्न. रविवारी कामावरून आल्या आल्या पुन्हा खुपसल्या, दोनशे पाच. मग त्याला उलगडलं. शनिवारी आजूबाजूचे सगळे कारखाने-गाळे बंद, त्यांच्या मोटारी बंद, की लाइनीचं सगळं व्होल्टेज चाळीत घुसतं. प्लेटवरचं व्होल्टेज चढायचं अन् सेलांचे छत्तीस तिथंच बसायचे. कासरा तेवढाच, बैल माजलेला. ज्याच्यापासून पळायचं, तो कारखाना सुट्टीच्या दिवशीही भिंतीपलीकडून त्याच्या मशीनचा कान धरून होता.

इलाज त्याच्या हातातलाच होता. बायस त्याच ट्रान्सफॉर्मरवरून घ्यायचा, म्हणजे लाइन चढली की बायसही चढेल. ट्रान्सफॉर्मरच्या फटीतून बारीक तार ओवत त्यानं शंभरावर वेढे हातानं घेतले, वर डायोड अन् कंडेन्सर बसवला. मोजून घेतलं. कामाच्या दिवशी चौतीस. सेल सोडवून डब्यात ठेवले.

तिसऱ्या शनिवारी लाइन दोनशे साठला गेली अन् बायस त्रेचाळीसला. मयुरेश तीन तास वाजवत राहिला. प्लेट काळी, आवाज गोड.

मयुरेशनं विचारलं, दुसऱ्या गावात व्होल्टेज कमी-जास्त असलं तर काय करायचं. झुंबर म्हणाला, काय नाय करायचं, मशीनच सांभाळून घेईल. अन् मग त्यानं विचारलं, "मी कवा निघायचं?"

मयुरेश जरा घुटमळला. "खरं सांगू का झुंबरभाऊ, आमचे ऑर्केस्ट्राचे मालक टेम्पोत एक माणूस कमी करायचं म्हणतच होते. मशीन चुकार होतं तोवर मी तुमच्यासाठी भांडलो असतो. आता काय सांगून भांडू?"

झुंबरनं मशीन उचलून मयुरेशच्या रिक्षात ठेवलं.

"सेलच राहू द्यायचे व्हते," दीपमाला म्हणाली.

"लाल प्लेटीचं देऊ?" एवढंच बोलून तो हातपाय धुवायला गेला.

ते चोवीस सेल दोन-दोन करत टॉर्चमध्ये घातले, पुढली दोन वर्सं पुरले. आता दोन हजार सात चालू आहे. झुंबर हेड वाइंडर झाला, खोली तीच. ऑर्केस्ट्रातला कुणी कधी नाक्यावर भेटला की तो मशीनचं विचारतो. सगळे एकच सांगतात, एकदाही उघडावं लागलं नाही. झुंबर पुढच्या खेपेला पुन्हा विचारतो.