अक्कांचा डोंगर

दिवसभर भटकून आल्यावर “किती फोटो काढले?” असं विचारलं की अक्का खुशीत सांगायच्या, “एकही नाही!” आणि वर, “पण दिवस झकास गेला.”

इंदिरानगरात आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या या वत्सलाअक्का. पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरूत मुरलेल्या मराठी घरातल्या. सरकारी कारखान्यात यंत्रांचे नकाशे काढून निवृत्त झालेल्या. नव्वदच्या दशकात मी पुण्याहून इथल्या एका ग्रंथालयात नोकरीला आले, तेव्हा जिन्यात त्यांनी मला विचारलं होतं, “छत्री धरता येते का गं? येते? सरी, ठीक आहे, मग रविवारी चल माझ्याबरोबर.” त्यांना जाऊन आता वर्ष होत आलं. रविवारी पहाटे जाग मात्र अजून येते.

कनकपुऱ्याच्या रस्त्याला काळ्या दगडाचा एक उघडाबोडका डोंगर होता. पाऊस थांबल्यावर त्याच्या ओल्या अंगावर तिरपं ऊन पडावं आणि तो फोटो मिळावा, म्हणून अक्का कित्येक वर्षं तिथं जात होत्या. ऊन यायचं तेव्हा दगड सुकलेला असायचा. दगड ओला असला की ऊन नसायचं. मी कंटाळले की म्हणायच्या, “स्वल्प थांब गं. आपण त्याच्या दारात आलोय, तो आपल्या नाही.”

मागच्या बाजूनं खाण डोंगर पोखरत होती. एकदा चहाच्या टपरीवरची बाई म्हणाली, “अक्का, पुढच्या आठवड्यात या अंगाला सुरुंग लावणार आहेत.” अक्कांनी हातातला पेला तसाच खाली ठेवला.

त्या शेवटच्या रविवारी आभाळ गच्च भरलेलं. दुपार कलली तरी ऊन नाही. न राहवून मी म्हटलं, “अक्का, आहे तसा काढा ना.”

“पासपोर्टचा फोटो आहे का हा?” त्या खेकसल्या. उजेड विझायला लागला, भुरभुर सुरू झाली, तेव्हा त्यांनी पदर खोचला. “अय्यो, आता तूच आहेस तसा ये बाबा,” असं डोंगराला म्हणाल्या आणि मला, “छत्री धर. श्वास घेऊ नकोस.” इतक्या मंद उजेडात शटर बराच वेळ उघडं ठेवावं लागलं. त्या दगडासारख्या उभ्या होत्या. सेकंद मोजताना ओठ तेवढे हलत होते.

निगेटिव्ह फिकट आली. पुढचे कितीतरी दिवस त्या न्हाणीघरात लाल दिव्याखाली एकाच फोटोच्या प्रती काढत राहिल्या. पायथा काळा पडू नये म्हणून प्रकाशाच्या झोतात तळहाताची सावली धरायच्या. हात अंमळ हलला की कागद बाद. कारखान्यातून निवृत्त झालेल्या बाईच्या मागे कुणी साहेब नव्हता, तरी त्यांना नुसती ‘बरी’ प्रत चालत नव्हती. तोवर तिकडे सुरुंग लागलेही.

शेवटी त्यांनी मला हाक मारली. ट्रेमधल्या रसायनात कागदावर डोंगर हळूहळू वर येत होता. उन्हाची चमक नव्हती, की सावलीनं झाकलेली बाजू नव्हती. एकेक भेग, पावसाचे ओघळ, कपारीतलं खुरटं झुडूपसुद्धा दिसत होतं.

मला वाटलं, अक्का रडतील. त्या चष्मा कपाळावर सरकवून ट्रेवर वाकल्या.

“इतकी वर्षं मी उन्हाचाच फोटो काढायला जात होते गं,” त्या म्हणाल्या. “डोंगर आज पाहिला.”